तेहतीस पूर्णांक एक तृतीयांश

मशीन मंदावलंय, लवकर ये,
असा आर्नुल्फोचा निरोप आला तेव्हा
माझे दोन्ही हात कुणाच्या तरी रेडिओच्या पोटात होते.
सोमवार होता. सोमवारी काली शहरात कुणी नाचत नाही,
निदान बार्रिओ ओब्रेरोच्या या गल्लीत तरी नाही.
खुर्च्या टेबलांवर उलट्या,
फरशीला फिनेलचा वास.

पट्टा पाहिला. ताठ.
मोटर बिनतक्रार.
तेलाचा एक थेंब सोडला, उगाच,
आलोच आहे तर.
मग दिसली कळ,
पंचेचाळीसवरून तेहतीसवर सरकलेली.

नात बसली होती कोपऱ्यात, युलिएत, पाय मुडपून.
म्हणाली, लेबलवर तेहतीस लिहिलंय.
म्हणाली, मला वाचता येतं.

तुम्ही इथले नसाल तर सांगतो,
आमच्या गावाला गाणं कधी पुरेसं वेगात वाटलंच नाही.
बुएनावेंतुराच्या धक्क्यावर खलाशांच्या पेट्यांतून
या तबकड्या उतरल्या,
कुठल्याशा थंड शहरात कोट घालून वाजवलेल्या,
आणि आमच्या थोरल्यांनी कळ पुढे रेटली.
पायांनी मागितलं ते दिलं.
कानांना कोण विचारतो?

त्याच वेगावर आर्नुल्फोचं लग्न जमलं.
त्याच वेगावर ऑफेलियाच्या टाचेखाली
फरशीचा टवका उडाला, तिथे अजून सिमेंटचं ठिगळ आहे,
आणि शनिवारी गिऱ्हाईकं ते चुकवून नाचतात,
तिला जाऊन सहा वर्षं झाली तरी.

मी कळीकडे बोट नेलं.
थांब, आर्नुल्फो म्हणाला. एवढी बाजू होऊ दे.

आधी तर गाणं आजारी वाटलं,
ताप उतरल्यावर माणूस भिंत धरून चालतो, तसं.
मी घड्याळ पाहिलं.
मग कोंगाच्या दोन थापांमध्ये जागा दिसू लागली,
एक माणूस खुर्ची टाकून बसेल एवढी.
मग ट्रंपेटवाल्याने श्वास घेतला.
चाळीस वर्षं आमच्यासाठी हा माणूस
श्वास न घेता फुंकत होता, बिचारा.
कुणाची तरी खुर्ची करकरली,
आमची नव्हे, आतली, त्यांच्या खोलीतली.

आणि गाणारा!
त्याला आम्ही पोरगा समजत होतो,
मिसरूड न फुटलेला, तिखट गळ्याचा.
तो निघाला पन्नाशीचा बाप्या,
जड आवाजाचा,
बाईचं नाव घेण्याआधी किंचित अडणारा.
तो तिथे अडतो हे आम्हाला माहीतच नव्हतं.
आम्ही तिथे गिरकी घ्यायचो.

आर्नुल्फो ठिगळाकडे बघत बसला होता.
ऑफेलियाला हे ऐकवायला हवं होतं, म्हणाला.
मग जरा वेळाने म्हणाला,
छे. तिने पहिल्या ओळीलाच उठून कळ ढकलली असती.
आणि हसला, आणि हसताना खोकला,
आणि खोकला म्हणून सुई पुन्हा मागे ठेवायला लावली.

शनिवारी सगळं पूर्ववत, पंचेचाळीस,
घाम, बूट, भिंतींपर्यंत माणसं.
पण सोमवारी शटर निम्मं खाली येतं.
कसायाचं दुकान चालवलेला लिबार्दो येतो,
टॅक्सीवाली निदिया येते, गाडी लांब लावून.
पंखा बंद. ग्लासात बर्फ नाही, तो वाजतो.
फोन टोपलीत, पावाच्या रुमालाखाली.
काळ्या तबकडीवरून युलिएत ओलं फडकं फिरवते
बाळाचं तोंड पुसावं तसं,
आणि गाण्याआधीची ती खरखर सुरू होते,
तेव्हा कुणी बोलत असेल तर
अर्ध्या शब्दावर सोडून देतं.

बाजू संपते. सुई शेवटच्या वळणात खट् खट् करत राहते.
सगळ्यांना ऐकू येतं.
उठत कुणी नाही.

त्या दिवसाचं बिल मला अजून लावता आलेलं नाही.
वहीत एवढंच लिहिलंय:
आर्नुल्फो. टर्नटेबल. बिघाड नाही.
तेल, एक थेंब.
वेळ, एक बाजू.
खाली दुसऱ्या शाईत: दोन्ही.